पगाराचा काही भाग बदलता केला तर नोकरी खरोखर टिकते का? वेतनकरारापूर्वी मत हवे आहे

भोसरी_प्रतिनिधी यांचा प्रश्न:

नमस्कार. भोसरी औद्योगिक वसाहतीत वाहनांचे सुटे भाग बनवणाऱ्या एका मध्यम कारखान्यात मी सेटर (यंत्रे कामासाठी जुळवून देणारा) म्हणून काम करतो आणि आमच्या संघटनेच्या वाटाघाटी समितीवर आहे. आम्ही कायम कामगार १४० आहोत. ठेकेदाराची माणसे आणि ट्रेनी वेगळे, त्यांची संख्या ऑर्डरींप्रमाणे वरखाली होत असते. तीन वर्षांचा वेतनकरार मार्चअखेर संपतो आहे. आम्ही मागणीपत्र दिल्यावर व्यवस्थापनाने स्वतःचा प्रस्ताव समोर ठेवला.

प्रस्ताव असा आहे. मूळ वेतन आणि महागाई भत्ता मिळून सरासरी कामगाराला आज २४,००० रुपये पडतात. त्यातले २० टक्के, म्हणजे ४,८०० रुपये, स्थिर पगारातून काढून ‘बदलते वेतन’ या नव्या शीर्षाखाली टाकायचे. तिमाहीत किती माल गाडीत चढून बाहेर गेला यावर हा भाग ठरेल: लक्ष्य गाठले तर पूर्ण, ओलांडले तर दीडपटीपर्यंत आणि लक्ष्याच्या ६० टक्क्यांखाली गेल्यास शून्य. मोबदल्यात करारात एक वाक्य घालायची त्यांची तयारी आहे: ‘व्यवसायाची परिस्थिती अनुकूल असेपर्यंत व्यवस्थापन कामगार कपात टाळण्याचा प्रयत्न करील.’ पगार ताठ राहिला तर मंदीत माणसे कमी करण्यावाचून मार्ग उरत नाही, पगार लवचिक असेल तर माणसे सांभाळता येतात, असे त्यांचे म्हणणे आहे.

आमच्यात यावरून दोन तट पडले आहेत. वीस-बावीस वर्षे सेवा झालेले सहकारी स्थिर पगाराला हात लावू द्यायला तयार नाहीत. अलीकडे कायम झालेली मुले म्हणतात की कपात झाली तर ‘शेवटी आला तो आधी जाणार’ या नियमाने पहिला नंबर आमचाच लागेल, तेव्हा चार हजार आठशे गेले तरी चालतील पण नोकरी राहू दे. मला दोघांचेही म्हणणे पटते, आणि अडचण तीच आहे. व्यवस्थापनाच्या युक्तिवादात तथ्य किती आहे आणि असा करार कुठे खरोखर कामी आला आहे का, हे जाणकारांनी सांगावे अशी विनंती आहे.


कोल्हापूर_अर्थशास्त्र:

मी महाविद्यालयात अर्थशास्त्र शिकवते, म्हणून युक्तिवादापुरते बोलते. करार आणि कायद्याबद्दल इतर लिहितीलच.

तुमच्या व्यवस्थापनाचा मुद्दा निराधार नाही. मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीतले अर्थतज्ज्ञ मार्टिन वाइट्झमन यांनी १९८४ मध्ये तो पद्धतशीरपणे मांडला होता. पगार संपूर्ण ठरीव असेल तर विक्री घटल्यावरही प्रत्येक माणसाचा खर्च तेवढाच राहतो आणि शेवटची काही माणसे मालकाला परवडेनाशी होतात. पण पगाराचा एक भाग मिळकतीतला वाटा असेल तर मिळकतीबरोबर माणसाचा खर्चही उतरतो आणि माणूस कमी करण्याची निकड राहत नाही. जपानमधल्या उन्हाळी आणि हिवाळी बोनसकडेही ते या दृष्टीने पाहत.

मग बहुतेक मालक मंदीत पगार का कापत नाहीत? याचा दोष संघटनांच्या हट्टाला देण्याची आपल्याकडे सवय आहे, पण ट्रुमन ब्यूली या अर्थतज्ज्ञाने १९९०च्या दशकाच्या सुरुवातीच्या मंदीत अमेरिकेच्या ईशान्य भागात व्यवस्थापक, कामगार नेते आणि नोकरी शोधून देणारे अशा तीनशेहून अधिक लोकांच्या मुलाखती घेतल्या, तेव्हा वेगळेच चित्र दिसले. जिथे संघटना नव्हती तिथेही मालक पगाराला हात लावायला कचरत होते, कारण पगार कापला तर दुखावलेला प्रत्येक माणूस रोज कामावर येतो आणि त्याचे मन कामात राहत नाही, तर माणसे कमी केली तर दुखावलेले लोक दाराबाहेर जातात. हे वाचायला निष्ठुर वाटते, पण व्यवस्थापनांचा हिशेब असाच चालतो. म्हणजे ताठ पगार ही पुष्कळदा मालकाचीही निवड असते, आणि तुमचे व्यवस्थापन त्याच्या उलट जात असेल तर त्याचे कारण तुम्ही स्पष्ट विचारले पाहिजे.

आपल्या मातीतले उदाहरण याहून बोलके आहे. सुप्रीत कौर यांनी भारतातल्या शेतमजुरीच्या दरांचा अनेक दशकांचा, जिल्हावार अभ्यास केला आणि तो २०१९ मध्ये प्रसिद्ध झाला. पाऊस चांगला झाला की मजुरीचा रोज चढतो. पुढच्या वर्षी पावसाने ओढ दिली तरी चढलेला रोज खाली येत नाही, आणि त्याऐवजी कामाचे दिवस घटतात. तिथे ना संघटना आहे ना करार, तरीही रोज कमी करणे हा अन्याय आहे असे गावात मजूर आणि शेतकरी दोघेही मानतात. त्याची किंमत मात्र ज्यांना त्या वर्षी काम मिळत नाही ते, मुख्यतः भूमिहीन, मोजतात. तुमच्या तरुण सहकाऱ्यांची भीती हीच आहे आणि ती खरी आहे. महागाई जास्त असते तेव्हा हा ताठरपणा थोडा सैल पडतो, कारण आकडा न हलवताही मजुरीची किंमत उतरते. तुमचा महागाई भत्ता ग्राहक किंमत निर्देशांकाशी जोडलेला असेल तर तो मार्गही तुमच्या मालकाला बंद आहे, आणि माझ्या मते तो बंदच असावा.

परंतु वाइट्झमन यांचा हिशेब मागणीच्या तात्पुरत्या घसरणीपुरता आहे. दोन तिमाहींनी ऑर्डरी परत येणार असतील तर बदलता पगार मधला काळ निभावून नेतो. ज्या वस्तूची गरजच संपत चालली आहे तिच्या कारखान्यात पगार २० टक्के उतरवून नोकऱ्या वाचत नाहीत. एवढेच होते की माणसे जातात तेव्हा आधी कमी पगारावर काम करून जातात. म्हणून तुम्ही नेमका कोणता भाग बनवता, हा माझा पहिला प्रश्न आहे.


चिंचवडचा_करारवाला:

निगडीपासून भोसरीपर्यंतच्या पट्ट्यात कामगारांच्या बाजूने अनेक वेतनकरारांच्या टेबलावर बसलो आहे. बाईंनी सिद्धांत नेमका सांगितला आहे. मी कागदावर येतो, कारण तुमची नोकरी कागदातल्या शब्दांनी टिकेल किंवा जाईल.

आधी त्या एका वाक्याकडे पाहा. ‘अनुकूल असेपर्यंत’ आणि ‘टाळण्याचा प्रयत्न करील’ या दोन शब्दप्रयोगांनंतर त्या वाक्यात बांधून घेणारे काहीच उरत नाही. परिस्थिती अनुकूल असताना कपात कोण करतो? तुम्हाला हमी हवी आहे ती परिस्थिती प्रतिकूल असतानाची. तुमच्याकडून जाणारे ४,८०० रुपये आकड्यात लिहिलेले आहेत आणि त्यांच्याकडून येणारे आश्वासन इच्छेच्या भाषेत आहे. दोन्ही बाजू एकाच भाषेत, म्हणजे आकड्यांत आणि तारखांत लिहिल्या जाईपर्यंत या विषयावर चर्चा पुढे नेऊ नका.

आता तुमचा १४० हा आकडा. औद्योगिक विवाद कायद्यात १९८२ची दुरुस्ती लागू झाल्यापासून १०० किंवा अधिक कामगार असलेल्या कारखान्याला ले-ऑफ (काम नसल्याने कामगाराला तात्पुरते घरी बसवणे), कामगार कपात किंवा कारखाना कायमचा बंद करण्यापूर्वी शासनाची परवानगी लागत असे. त्या कायद्याच्या जागी आलेल्या औद्योगिक संबंध संहितेत ही मर्यादा ३०० आहे, आणि २१ नोव्हेंबर २०२५पासून केंद्राने चारही श्रमसंहिता लागू केल्या आहेत. म्हणजे तुमच्या आकाराच्या कारखान्याचे जे संरक्षण कायद्यात होते, ते आता करारातच मिळवावे लागणार आहे. व्यवस्थापनाने हा प्रस्ताव याच वर्षी आणला, याला मी योगायोग मानत नाही. त्यामुळे रोजगाराच्या हमीचे कलम तुमच्यासाठी पूर्वीपेक्षा कितीतरी मोलाचे झाले आहे.

यानंतर मी एक गोष्ट सांगतो, जी वाटाघाटीत बहुतेक समित्यांच्या लक्षात येत नाही. ग्रॅच्युइटी, कपातीची भरपाई आणि ले-ऑफची भरपाई या तिन्ही रकमा स्थिर पगारावर उभ्या असतात. हिशेब करून पाहा. १८ वर्षे सेवा झालेल्या कामगाराची ग्रॅच्युइटी २४,००० रुपयांवर, १५ भागिले २६ या सूत्राने (महिना २६ दिवसांचा धरून दर वर्षामागे १५ दिवसांचा पगार), साधारण २ लाख ४९ हजार होते. स्थिर पगार १९,२०० झाला तर तीच रक्कम १ लाख ९९ हजारांवर येते. म्हणजे एका सहीने जवळजवळ ५० हजार रुपये गेले, आणि हे मंदी न येताही गेले. ले-ऑफमध्ये मूळ वेतन आणि महागाई भत्त्याच्या निम्मी भरपाई मिळते. ती १२,००० वरून ९,६०० होईल, आणि त्या काळात माल गाडीत चढत नसल्यामुळे बदलते वेतनही शून्य असेल. कपातीची भरपाई प्रत्येक पूर्ण वर्षामागे १५ दिवसांच्या सरासरी पगाराची असते, तीही त्याच प्रमाणात घटण्याचा धोका आहे. भविष्यनिर्वाह निधीचेही तसेच: ब्रिज अँड रूफ कंपनीच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९६२ साली उत्पादन-बोनस मूळ वेतनात धरला जात नाही असा निर्णय दिलेला आहे. नव्या संहितांमध्ये मजुरीची व्याख्या बदलली असली तरी तुमच्या बदलत्या भागाचे काय होणार, हा वाद नंतर कोर्टात खेळण्यापेक्षा करारातच मिटवलेला बरा.

याचा दुसरा अर्थ नीट समजून घ्या. स्थिर पगार कमी झाला की माणूस कमी करणे मालकाला स्वस्त पडते. ज्या प्रस्तावाने नोकरी टिकेल असे सांगितले जाते आहे, तो आजच्या रूपात कपातीचा खर्च पाचव्या हिश्शाने उतरवतो. व्यवस्थापनाचा तसा हेतू असेलच असे मी म्हणत नाही. पण कागदाचा परिणाम हेतूवर अवलंबून नसतो.

ज्येष्ठ सहकाऱ्यांना मात्र मुंबईच्या गिरण्यांचा इतिहास सांगावासा वाटतो, कारण ताठ पगाराची लढाई जिंकल्यावर पुढे काय होते ते त्यात दिसते. १९२५ मध्ये गिरणीमालकांनी पगारात साडेअकरा टक्के कपात जाहीर केली. सप्टेंबरच्या मध्यापासून गिरण्या बंद पडल्या, आणि डिसेंबरच्या सुरुवातीला सरकारने कापडावरचा साडेतीन टक्के अबकारी कर स्थगित केल्यावर मालकांनी कपात मागे घेतली. पगार वाचला. परंतु खर्च कमी करण्याचा दबाव नाहीसा झाला नाही. तो दोन साच्यांऐवजी (मागांऐवजी) तीन साचे एका विणकराकडे द्या, या रूपाने माणसांच्या संख्येवर आला, आणि १९२८ मध्ये सुमारे दीड लाख गिरणी कामगारांना एप्रिलपासून ऑक्टोबरपर्यंत संपावर राहावे लागले. शिवाय त्या गिरण्यांच्या दारात रोज सकाळी बदली कामगार उभे असत, ज्यांना गरज असेल त्या दिवशी आत घेतले जाई. कायम माणसाचा पगार आणि जागा त्या बदलीच्या अनिश्चिततेवर टिकून होती. तुमच्याकडे आज ती जागा ठेकेदाराची माणसे आणि ट्रेनी भरून काढतात. घसरण कुठे ना कुठे उतरतेच: पगारात, कामाच्या तासांत किंवा माणसांत. ती कुणावर उतरणार, हे ठरवणे म्हणजेच तुमचा हा करार आहे, आणि त्या चर्चेत ठेकेदाराच्या माणसांचे नावही घेतले जाणार नसेल तर मला ते मनापासून खटकेल.

पगाराचा बदलता भाग आपल्याला परका आहे असेही नाही. बोनस नफ्यातला वाटा मानण्याचे सूत्र १९५० मध्ये मुंबईच्या गिरण्यांच्याच वादात कामगार अपील न्यायाधिकरणाने घालून दिले, आणि बोनसचा विचार करणाऱ्या मेहेर आयोगानंतर १९६५चा बोनस कायदा आला. त्यात किमान बोनस पुढे ८.३३ टक्के, म्हणजे वर्षाला एक महिन्याचा पगार, आणि कमाल २० टक्के असा ठरला. आणीबाणीत किमान बोनस ४ टक्क्यांवर आणला गेला आणि १९७७ मध्ये तो पुन्हा ८.३३ झाला. तोट्याच्या वर्षीही किमान बोनस द्यावाच लागतो, म्हणून खालचा भाग ताठ आणि वरचा लवचिक अशी ती रचना आहे. माझे मत असे की लवचिकपणा हवा असेल तर तो या वरच्या भागात आणा. नव्या करारातली वाढ बदलती ठेवा; मिळालेला पगार बदलता करू नका.


हानोव्हरकर:

गेली बरीच वर्षे जर्मनीत वाहन उद्योगात काम करतो. प्रश्नात ‘असा करार कुठे कामी आला आहे का’ असे विचारले आहे, म्हणून इथले सांगतो.

इथे मंदीत तासाचा दर हलवत नाहीत, तास हलवतात. फोक्सवॅगनने १९९३च्या अखेरीस सुमारे ३०,००० नोकऱ्या अतिरिक्त ठरत असताना आयजी मेटाल या संघटनेशी करार करून आठवडा ३६ तासांवरून २८.८ तासांवर आणला. वार्षिक उत्पन्न घटले, पण वार्षिक बोनससारख्या रकमा महिन्यांवर पसरवून मासिक पगाराचा आकडा सांभाळला गेला, आणि बदल्यात व्यवसायाच्या कारणावरून कुणालाही काढणार नाही अशी लेखी हमी मिळाली. ती हमी पुन्हा पुन्हा वाढवली गेली आणि जवळजवळ तीस वर्षे टिकली. २०२४च्या सप्टेंबरमध्ये कंपनीने ती रद्द केली. डिसेंबरमध्ये झालेल्या नव्या करारात २०३०पर्यंत हमी परत आली, मात्र पगारवाढ सोडून द्यावी लागली आणि निवृत्ती व स्वेच्छेने जाण्याच्या मार्गाने ३५,००० जागा कमी करायचे ठरले. म्हणजे उत्तम करारसुद्धा तंत्रज्ञान बदलते तेव्हा सगळ्या जागा वाचवत नाही, पण माणूस अचानक रस्त्यावर येत नाही.

दुसरी व्यवस्था आखूड कामाची, ‘कुर्त्सआर्बाइट’ची. काम कमी झाले की तास कमी करायचे आणि बुडालेल्या निव्वळ पगाराचा ६० टक्के, मुले असतील तर ६७ टक्के भाग सरकारी रोजगार विम्यातून मिळतो. २००९ मध्ये इथले उत्पादन पाच टक्क्यांहून अधिक घसरले, त्या वर्षी ऐन मंदीत सुमारे चौदा-पंधरा लाख लोक या योजनेत होते, आणि बेरोजगारी फारशी वाढली नाही. २०२०च्या एप्रिलमध्ये हा आकडा साठ लाखांच्या घरात गेला. यात एक गोष्ट विसरू नये: खड्ड्याचा मोठा भाग विमा भरतो. तुमच्या प्रस्तावात तो पूर्ण कामगार भरणार आहे, कारण भारतात अशी योजना नाही.

मला तुमच्यासाठी सर्वांत उपयोगाचा वाटतो तो २००४चा फोर्ट्सहाइमचा करार. धातू उद्योगात उद्योगव्यापी करारापेक्षा कमी अटींवर जाण्याची मुभा एखाद्या कारखान्याला मिळाली, पण तसे करताना त्याने हिशेब संघटनेसमोर उघडे करायचे आणि नोकऱ्या किंवा गुंतवणूक यांबद्दल ठोस वचन द्यायचे, अशी पद्धत बसली. सवलत मागणाऱ्याने वह्या दाखवाव्यात, एवढे तरी भोसरीत मागता येईल.


शिरोली_फौंड्री:

मी दुसऱ्या बाजूचा आहे. शिरोली औद्योगिक वसाहतीत माझी लहान फौंड्री (धातूचे ओतकाम करणारा कारखाना) आहे, म्हणून मालकाच्या टेबलावरून दोन गोष्टी लिहितो.

पहिली: पगार उतरवून कारखाना किती वाचतो याचा हिशेब तुम्हीच मांडून पाहा. समजा तुमच्या कंपनीत कायम कामगारांचा पगार विक्रीच्या १२ टक्के आहे. त्यातला पाचवा भाग संपूर्ण शून्यावर आला तरी विक्रीच्या सव्वादोन ते अडीच टक्केच वाचतात. विक्री ४० टक्के पडली असेल तर बँकेचा हप्ता, विजेचा स्थिर आकार आणि यंत्रांचे भाडे यांपुढे ती बचत पुरत नाही. माझ्याकडे भंगार, पिग आयर्न आणि भट्टीची वीज हेच खर्चाचे डोंगर आहेत. त्यामुळे बदलत्या पगाराने नोकऱ्या टिकतील असे जेव्हा सांगितले जाते, तेव्हा पगाराचा विक्रीशी असलेला हिस्सा आधी विचारा. तो मोठा असेल तर युक्तिवादाला वजन आहे, लहान असेल तर फार नाही.

दुसरी: माल गाडीत चढण्यावर पगार बांधणे मला अन्यायाचे वाटते. कामगाराच्या हातात सुटा भाग नीट बनवणे आहे. गिऱ्हाइकाचे शेड्यूल त्याच्या हातात नाही. २०२१ मध्ये सेमीकंडक्टरच्या टंचाईने मोटारकंपन्यांनी शेड्यूल कमी केले, तेव्हा आमच्यासारख्यांचे तयार कास्टिंग आवारातच पडून होते. मोल्डिंगवाल्याने त्यासाठी काय करायला हवे होते? रिजेक्शनचे प्रमाण, यंत्राचा चालू वेळ, असे जे कामगाराच्या हाताशी आहे त्यावर प्रोत्साहन बांधा, आणि बाजारातल्या घसरणीसाठी वेगळी, तात्पुरती, सगळ्यांना सारखी लागणारी व्यवस्था ठेवा. २०१९च्या मंदीत मी आठवड्याचा एक दिवस बंद ठेवला होता. कामाच्या दिवसांतली ही कपात ऑफिसपासून भट्टीपर्यंत सारखी होती, ती कधी संपणार ती तारीख नोटीस बोर्डावर लावली होती आणि विक्रीचा आकडाही शेजारीच होता. लोक नाराज होते, पण माझा एकही मोल्डर सोडून गेला नाही. कुशल मोल्डर गेला तर नवा तयार व्हायला वर्ष जाते. माणूस टिकवण्याचे ते कारण माझ्यासाठी पगाराच्या बचतीपेक्षा मोठे आहे.


हिंजवडी_संगणक:

आमच्या क्षेत्रात बदलता पगार कधीचाच आला आहे, म्हणून अनुभवाच्या आधारे थोडे लिहितो. सीटीसीत (कंपनीने सांगितलेल्या वार्षिक एकूण पगाराच्या आकड्यात) तो दिसतो, गृहकर्ज घेताना बँक तो अर्धवट धरते आणि तिमाही संपली की किती मिळेल ते कळते. इन्फोसिसने २०२२च्या एप्रिल ते जून तिमाहीसाठी सरासरी ७० टक्के बदलता पगार दिला, तेव्हा कंपनी नफ्यातच होती. नफ्याचे प्रमाण दबावाखाली होते. म्हणजे तोटा झाला तरच हा भाग कापला जाईल, असे समजू नका. आणि बदलता पगार असल्यामुळे नोकरी सुरक्षित राहते असेही दिसलेले नाही: टीसीएसमध्ये बदलता पगार होताच, तरी जुलै २०२५ मध्ये सुमारे दोन टक्के, म्हणजे १२,००० हून अधिक माणसे कमी करण्याचे जाहीर झाले, कारण प्रश्न कौशल्यांचा सांगितला गेला. विमान वाहतुकीत इंडिगोने २०२० मध्ये आधी पगार कापला आणि जुलैमध्ये दहा टक्के माणसे कमी करण्याचेही जाहीर केले. करारात दोन्ही गोष्टी एकमेकींना बांधल्या नाहीत तर त्या एकामागून एक येऊ शकतात.


भोसरी_प्रतिनिधी:

सर्वांचे मनापासून आभार. ग्रॅच्युइटीचा हिशेब समितीसमोर मांडला तेव्हा आमच्यातल्या तरुणांनीही प्रस्ताव पुन्हा वाचायला घेतला.

कोल्हापूरच्या बाईंच्या प्रश्नाचे उत्तर: आम्ही दुचाकींच्या गिअरबॉक्सचे शाफ्ट बनवतो. सध्याची घट एका गिऱ्हाइकाच्या शेड्यूलमुळे आहे आणि ती परत भरेल असे मार्केटिंगवाले सांगतात. परंतु विजेवर चालणाऱ्या स्कूटरला आमच्यासारखा गिअरबॉक्स लागत नाही, हे आम्हालाही दिसते आहे. यंत्रे सीएनसी (संगणकावर चालणारी) आहेत आणि दुसरे शाफ्टही त्यांवर निघू शकतात, पण नव्या कामासाठी ग्राइंडिंगचे एक यंत्र लागेल असे आमचा टूलरूमवाला सांगतो. अशा मिश्र परिस्थितीत आम्ही काय मागावे?


कोल्हापूर_अर्थशास्त्र:

तर मग तुमच्यापुढे दोन वेगळ्या घसरणी आहेत आणि त्यांना एकच औषध देऊ नका. शेड्यूलची घट तात्पुरती असेल, तर तिच्यासाठी मुदतीचा लवचिकपणा द्यायला हरकत नाही. गिअरबॉक्सची घट कायमची आहे. तिच्यासाठी पगार सोडून काही मिळणार नाही, तिथे यंत्र आणि प्रशिक्षण मागा. तुम्ही पगारात जे सोडाल त्यातून जमणारी रक्कम त्या ग्राइंडिंग यंत्रात जाईल, असे लिहून घेता आले तर तुमचा त्याग पुढच्या कामात गुंतवला जाईल. नाहीतर तो चालू तोट्यात विरघळून जाईल.


चिंचवडचा_करारवाला:

बाईंशी मी पूर्ण सहमत आहे. कलमाचा मसुदा देतो, तुमच्या वकिलाकडून तपासून घ्या. त्यातले आकडे वाटाघाटीचे आहेत, रचना मात्र सोडू नका.

‘या कराराच्या पहिल्या १८ महिन्यांसाठी मूळ वेतन व महागाई भत्ता यांच्या १० टक्क्यांपर्यंतची रक्कम बदलती राहील आणि मुदत संपताच ती आपोआप स्थिर वेतनात परत येईल. ग्रॅच्युइटी, भविष्यनिर्वाह निधी, ले-ऑफची भरपाई व कपातीची भरपाई यांची आकारणी या काळातही पूर्ण, म्हणजे बदलापूर्वीच्या वेतनावर होईल. हीच टक्केवारी व्यवस्थापकीय कर्मचाऱ्यांच्या वेतनाला लागू राहील. कराराच्या संपूर्ण मुदतीत व्यवसायाच्या कारणावरून कोणत्याही कायम कामगाराची कपात केली जाणार नाही. तशी कपात झाल्यास सर्व कामगारांची तोवर रोखलेली संपूर्ण बदलती रक्कम ३० दिवसांत देय होईल. कायम कामगारांचे बदलते वेतन कमी दिले जात असताना त्याच कामावर नवे ठेकेदारी कामगार घेतले जाणार नाहीत, आणि सध्याच्या ठेकेदारी कामगारांचे दिवस कमी करण्यापूर्वी संघटनेशी चर्चा होईल. दर तिमाहीला विक्री, पगाराचा एकूण खर्च आणि ऑर्डरींची स्थिती संघटनेच्या दोन प्रतिनिधींना लेखी दाखवली जाईल. रोखलेल्या रकमेइतकी गुंतवणूक कराराच्या पहिल्या वर्षात नव्या ग्राइंडिंग यंत्रात व कामगारांच्या प्रशिक्षणात केली जाईल.’

यातले ३० दिवसांत देय होण्याचे वाक्य सर्वांत आधी मांडा आणि सर्वांत शेवटी सोडा. माणसे सांभाळण्याचा ज्यांचा खरा इरादा आहे त्यांना त्या वाक्याचा एक रुपयाही खर्च येत नाही, त्यामुळे त्यावर ते किती अडून बसतात यावरून तुम्हाला पुढच्या बैठकीची तयारी करता येईल. आणि वेतनाच्या अटींतला बदल २१ दिवसांची नोटीस न देता परस्पर लागू केला, तर करार होण्याची वाट न पाहता लगेच कामगार आयुक्त कार्यालयात अर्ज द्या.